स्पोर्ट्स कूपेच्या मागच्या सीटवर खरंच माणसं बसतात का? घेण्याआधी असं तपासा

स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दरवाज्यांची, उतरत्या छताची गाडी, आवडली की पहिला प्रश्न घरातूनच येतो, "मागे बसणार कोण?" आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. कारण कागदावर चार सीट लिहिलेल्या असतात, पण त्या चारही सीटवर चार मोठी माणसं दोन तास नीट बसतील का हे ब्रोशर सांगत नाही. ते आपल्यालाच तपासावं लागतं आणि त्यासाठी शोरूममध्ये अर्धा तास पुरतो.

आधी एक कागद घ्या आणि मागे कोण, किती वेळा, किती लांब बसणार हे लिहून काढा. खरं खरं लिहा. शाळेतली दोन मुलं रोज पंधरा मिनिटं, ही एक गरज झाली. म्हातारे आईवडील महिन्यातून एकदा पण दोनशे किलोमीटर, ही पूर्ण वेगळी गरज. कधीतरी मित्राला स्टेशनवर सोडायचं एवढंच असेल तर जवळजवळ कुठलीही २+२ चालून जाते. २+२ म्हणजे पुढे दोन पूर्ण सीट आणि मागे दोन छोट्या, आणि बहुतेक खऱ्या स्पोर्ट्स कूपे ह्याच प्रकारात येतात.

आकडे बघायचे तर दोनच बघा, मागची लेगरूम (पायांसाठीची जागा) आणि मागची हेडरूम (सीटपासून छतापर्यंतची जागा). तुलनेसाठी, टोयोटा कॅमरीसारख्या सेडानमध्ये मागची लेगरूम ९६५ मिलिमीटरच्या आसपास असते. टोयोटा जीआर ८६ मध्ये तीच साधारण ७६० आहे, म्हणजे वीस सेंटीमीटर गेले, आणि ते सगळे तुमच्या गुडघ्यांसमोरून गेले. मागच्या पिढीच्या फोर्ड मस्टँगमध्येही ८०० पेक्षा कमी, आणि डॉज चॅलेंजरमध्ये ८४० च्या आसपास, म्हणून तर चॅलेंजरमध्ये मोठी माणसं त्यातल्या त्यात बरी बसतात. व्हीलबेसवरूनही, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावरूनही, अंदाज येतो, पोर्शे ९११ चा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आणि वर इंजिन मागे, त्यामुळे तिथे जागा येणार कुठून. पण फक्त व्हीलबेसवर जाऊ नका, लांब बॉनेट आणि मागे सरकवलेली केबिन असेल तर लांब गाडीतही मागे काही उरत नाही.

हेडरूमचं गणित मात्र लोक करतच नाहीत आणि खरा त्रास तिथेच होतो. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस बसल्यावर सीटपासून डोक्यापर्यंत साधारण ८८-९० सेंटीमीटर भरतो. ज्या गाडीची मागची हेडरूम ८५० मिलिमीटर आहे तिथे त्याचं डोकं छताला लागणारच, मग तो एकतर मान वाकडी करतो नाहीतर सीटवर पुढे घसरून बसतो आणि पुढे घसरला की गुडघे पुढच्या सीटमध्ये घुसतात. लेगरूमचा त्रास बऱ्याचदा असा हेडरूमपासून सुरू होतो!

आता शोरूममध्ये. सगळ्यात महत्त्वाची टेस्ट हीच: ड्रायव्हर सीट स्वतःच्या रोजच्या पोझिशनला लावा, स्टिअरिंग, पेडल सगळं नीट, आणि मग त्याच सीटच्या मागे स्वतः जाऊन बसा. सेल्समन पुढची सीट पुढे सरकवून दाखवतो, तसं बसून काही कळत नाही, कारण नंतर गाडी चालवताना ती सीट मागेच येणार आहे. बसल्यावर पाठ आणि कंबर पूर्ण टेकवा, अंग चोरून बसू नका, आणि चार गोष्टी बघा. गुडघे पुढच्या सीटला लागतात का, लागत असतील तर मागची बाजू मऊ आहे की कडक प्लास्टिक. पावलं पुढच्या सीटखाली सरकतात का, ह्याने खूप फरक पडतो, पाय थोडे जरी लांब करता आले तरी कमी लेगरूम सहन होते. मांडीला आधार मिळतो का गुडघे छातीशी येतात. आणि डोकं, पण डोकं फक्त वर नाही, मागेही बघा, कारण उतरत्या छताच्या गाडीत डोक्याच्या मागे आणि वर काच येते. खड्ड्यातून गेल्यावर काचेवर डोकं आपटणं आणि मऊ छताला लागणं ह्यात फार फरक आहे, शिवाय दुपारी ऊन थेट टाळूवर. हेडरेस्ट डोक्याच्या मागे येतोय की मानेखाली राहतोय तेही हात लावून बघा, खाली राहत असेल तर मागून धक्का बसल्यावर मानेला आधार नाही.

असं किमान दहा मिनिटं बसा. पहिल्या मिनिटाला सगळंच ठीक वाटतं, सातव्या-आठव्या मिनिटाला पाय हलवावासा वाटतो आणि हलवायला जागा नसते, तेव्हा खरं कळतं.

मग चढणं-उतरणं. ह्याला मी बसण्याइतकंच वजन देतो, काही वेळा जास्तच. दोन दरवाज्यांच्या गाडीत पुढची सीट पाडून, सरकवून, मधल्या फटीतून आत शिरायचं असतं. सीट एका हाताने पडते का, पाडल्यावर पुढेही सरकते का, आणि परत लावल्यावर आधीच्या जागी येते की दर वेळी नव्याने अॅडजस्ट करायची हे करून बघा. इलेक्ट्रिक सीट असेल तर बटण दाबून ती हळूहळू सरकेपर्यंत पावसात उभं राहावं लागतं, तो वेळ मोजा. पुढचा सीटबेल्ट फटीत लोंबकळत असेल तर चढताना पाय अडकतो. पाठ फिक्स असलेले बकेट सीट (रेसिंगसारखे अंगाला धरून ठेवणारे) ऑप्शनमध्ये घ्यायचा विचार असेल तर ते पुढे पडतच नाहीत, त्यामुळे मागची सीट माणसांसाठी विसरा. आणि कूपेचे दरवाजे लांब असतात, तर घरच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी उभी असताना दरवाजा पूर्ण उघडेल का हे टेप घेऊन मोजा, अर्धवट उघडलेल्या दरवाज्यातून मागे कोणी शिरू शकत नाही. गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असलेल्या माणसाला मागे चढवायचा हट्ट करू नका, त्यांना पुढे बसवा, मागे तरुण माणसाने जावं.

ह्या त्रासावर काही कंपन्यांनी उपायही काढले, माझदा आरएक्स-८ ला मागे उलटे उघडणारे छोटे दरवाजे होते, ह्युंदाई व्हेलोस्टरला एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन दरवाजे. चढणं त्याने सोपं झालं.

लहान मुलं असतील तर चाइल्ड सीट घेऊनच शोरूमला जा. खरंच, गाडीत बसवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला पक्की अडकवायचे, हुक आहेत का हे तर बघाच, पण जास्त अडतं ते उलट तोंडाच्या सीटमुळे. नवीन युरोपियन नियमाच्या सीटमध्ये मूल कमीत कमी १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असतं, आणि ती सीट एवढी जागा खाते की पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागते, मग पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला. बाळाला उचलून, वाकून, फटीतून आत ठेवायचं आणि बेल्ट लावायचा, हे रोज दोनदा करायचंय हे लक्षात घ्या. थोड्या मोठ्या मुलांना ९११ सारख्या गाडीची मागची सीट छान होते, पाय छोटे, डोकं खाली. फक्त बूस्टर सीट (मुलाला उंच करणारी बैठक) ठेवली की मूल काही सेंटीमीटर वर जातं, म्हणून हेडरूम बूस्टरसकट तपासा.

सुरक्षिततेचं वेगळं बघायलाच हवं, इथे ढिलाई नको. २०१७ मध्ये युरो एनकॅपने (गाड्यांची धडक-चाचणी घेणारी युरोपातली संस्था) मस्टँगला ५ पैकी २ स्टार दिले, आणि एक मोठं कारण मागची सीट होती: मागच्या बेल्टना प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट झटकन आवळणारा) आणि लोड लिमिटर (छातीवरचा बेल्टचा दाब मर्यादेत ठेवणारा) नव्हते, आणि समोरून धडकेच्या टेस्टमध्ये मागचा डमी बेल्टखालून घसरला. त्याच वर्षी सुधारित गाडीला ३ स्टार मिळाले. म्हणून विचारा, मागच्या बेल्टला ह्या दोन्ही गोष्टी आहेत का. आणि मागे बसणाऱ्याला स्वतःचा दरवाजा नसतो हे विसरू नका, बाहेर पडण्यासाठी तो पुढच्या माणसावर अवलंबून. सीट पाडायचा खटका मागे बसून हाताला लागतो का, हे प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवा.

टेस्ट ड्राइव्हला मागे कोणीतरी बसवा, आणि नंतर जागा बदलून तुम्ही मागे बसा. मागच्या खिडक्या बहुतेक उघडत नाहीत, एसीची हवा मागे पोचते का बघा, कारण वेगळे व्हेंट अनेकदा नसतात. खिडकी छोटी आणि समोर उंच सीट, त्यामुळे रस्ता दिसत नाही आणि ज्यांना गाडी लागते त्यांना इथे लवकर लागते. कडक सस्पेन्शनही मागे जास्त जाणवतं, कारण मागचे लोक जवळजवळ चाकावर बसलेले असतात.

माझं मत विचाराल तर मोठी माणसं नियमित मागे बसणार असतील तर जीआर ८६ किंवा ९११ कडे बघूच नका, बीएमडब्ल्यू ४ सिरीजसारखी सेडानवरून बनलेली कूपे बघा, तिथे मागे दोन मोठी माणसं खरंच बसतात. लांबच्या प्रवासाला नेहमीच चार जण असतील तर चार दरवाज्यांची ग्रॅन कूपे घ्या, दिसायला थोडी कमी वाटली तरी चालेल. आणि मागे कोणी क्वचितच बसणार असेल तर छोट्या सीटचा दुसरा उपयोग मोजा. ८६ ची मागची पाठ आडवी केली की डिकीसकट चार सुटी चाकं मावतात, ९११ मध्ये पाठी पाडल्या की बॅगा ठेवायला सपाट जागा मिळते. बॅगा ठेवल्या तर त्या बांधून ठेवा, जोरात ब्रेक लागला की पुढच्या दोघांच्या डोक्यामागे त्याच येतात.