कनेक्टरचं पेटंट नाकारलं? अपिलात या चुका टाळा

आदेश हातात पडला की आधी तारीख बघा. पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली अर्ज फेटाळला असेल, तर कलम ११७अ नुसार अपिलाला आदेशापासून तीन महिने मिळतात. नियंत्रकाकडेच (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडेच) पुनर्विलोकन मागायचं तर एकच महिना. आयपीएबी, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळ, विसरा, ते मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झालं. अर्ज मुंबई कार्यालयातला असेल तर अपील मुंबई उच्च न्यायालयात, मग आदेशावर सही दुसऱ्या शहरातल्या नियंत्रकाची का असेना.

खरं नुकसान होतं ते युक्तिवादात. कनेक्टरवर (विजेच्या तारा जोडणाऱ्या भागावर) नेहमी येणारा आक्षेप असा: एका जुन्या पेटंटात हाउसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, खटका आहे, दुसऱ्यात टर्मिनलची, म्हणजे आतल्या धातूच्या टोकाची, स्प्रिंग, दोन्ही जोडलं की तुमचा कनेक्टर तयार. यावर अर्जदार लिहितो, ‘पहिल्यात स्प्रिंग नाही, दुसऱ्यात खटका नाही.’ अहो, हे नियंत्रकालाही मान्यच आहे! या क्षेत्रातला जाणकार ती दोन एकत्र करायला गेला असता का, एवढाच वाद आहे. समजा, पहिल्यातला खटका दबायला जी मोकळी जागा लागते, नेमकी तीच दुसऱ्यातली स्प्रिंग अडवते. मग आकृत्या शेजारी ठेवा आणि ही अडचण मिलिमीटरमध्ये मोजून दाखवा. ‘आमचा कनेक्टर जास्त टिकतो’ अशी दहा पानं लिहिण्यापेक्षा हा एक परिच्छेद मला मोलाचा वाटतो.

आदेशही बारकाईने वाचा. जुनं ज्ञान, तुमचा शोध आणि तो जाणकाराला उघड (सहज सुचण्याजोगा) कसा, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात सांगितलं. मुंबईत तो निकाल बंधनकारक नाही, पण आधाराला जरूर घ्या. तिसरा मुद्दा एका ओळीत उरकलेला असेल तर त्यावरच बोट ठेवा. अशा वेळी प्रकरण बहुधा फेरविचारासाठी परत जातं, पेटंट लगेच हातात येत नाही. तुम्ही वकील असाल तर अर्जदाराला हे आधीच सांगून ठेवा.

दावे (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागता ती वाक्यं) दुरुस्त करताना कलम ५९ आडवं येतं. दावा अरुंद करता येतो, रुंद नाही. मूळ अर्जात एकाच जिभेची स्प्रिंग असेल, तर आता दोन जिभांची घुसवता येणार नाही.

नियंत्रकापुढच्या सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस असतात, ते घाईत उरकू नका. तिथे न मांडलेला मुद्दा अपिलात पहिल्यांदा काढलात, तर ‘हे तेव्हाच का सांगितलं नाही?’ हा प्रश्न येणारच.