पंख्याचा कोड शोधण्यापूर्वीची तयारी

जुन्या व्हॅनच्या स्कॅनरवर पी०४८० किंवा पी०४८१ हा बिघाडाचा कोड दिसला की बरेच जण थेट रेडिएटरचा पंखा बदलायला निघतात. थोडं थांबा. हे कोड मोटरचे नाहीत, पंख्याला हुकूम देणाऱ्या सर्किटचे आहेत. बहुतेक जुन्या गाड्यांत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलचं एक टोक अर्थला जोडतो आणि त्या वायरवर अपेक्षित व्होल्टेज दिसलं नाही, तर कोड नोंदवतो. त्यामुळे पंखा व्यवस्थित फिरत असतानाही कोड येऊ शकतो आणि मोटर जळलेली असताना एकही कोड न येणं शक्य असतं. पुढची सगळी तयारी याच गोष्टीभोवती करायची आहे.

सगळ्यात आधी वही-पेन. कोड पुसण्याआधी सगळे कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) असलेलेसुद्धा, आणि फ्रीझ फ्रेममधले (कोड नोंदला त्या क्षणाचे) आकडे उतरवून घ्या: कूलंटचं तापमान, वेग, बॅटरीचं व्होल्टेज. एकदा पुसलं की ही माहिती गेली. सोबत पी०११७ किंवा पी०११८ असेल, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर आधी तपासायचा. त्याचं सर्किट तुटलं की ईसीएमला उणे ४० अंश दिसतात आणि अनेक गाड्यांत खबरदारी म्हणून तो पंखे सतत चालू ठेवतो. दोन्ही पंख्यांचे कोड एकदमच आले, तर दोन रिले एकाच दिवशी गेले असं समजू नका. दोघांच्या कॉइलला जिथून सप्लाय येतो तो फ्यूज आणि ती वायर पाहा.

तुमच्याच मॉडेलचा आणि वर्षाचा वायरिंग डायग्रॅम हाताशी हवाच. माझ्या मते स्कॅनरपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. अनेक व्हॅनमध्ये दोन पंखे आणि तीन रिले असतात. कमी वेगाला दोन्ही मोटर सीरिजमध्ये (एकीमागे एक) जोडल्या जातात आणि प्रत्येकीला साधारण निम्मं व्होल्टेज मिळतं, जास्त वेगाला त्या पॅरलल (प्रत्येकीला वेगळा, पूर्ण सप्लाय) होतात. अशा रचनेत एका मोटरची वाइंडिंग तुटली, तर कमी वेगाला दोन्ही पंखे बंद पडतात आणि जास्त वेगाला दुसरा मात्र फिरतो. डायग्रॅम समोर नसेल तर माणूस चांगला पंखाच काढून बसतो. डायग्रॅममध्ये रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल दिसलं, तर जंपर वायर (रिलेला वगळून थेट जोडणी करणारी वायर) लावायची नाही.

हत्यारांत मल्टिमीटर, फ्यूज बसवलेली जाड जंपर वायर आणि हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब ठेवा. बल्ब विसरू नका. हिरवट गंज चढून एकदोन तारांवर टिकून राहिलेली वायर मीटरवर खुशाल १२ व्होल्ट दाखवते. बल्ब लावून साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढला की तिचं व्होल्टेज कोसळतं. पंखा चालू असताना मोटरच्या अर्थची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्येही मोजा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं, तर अर्थचा बोल्ट सोडवून, घासून पुन्हा आवळायचा. बॅटरी आधीच चार्ज करून ठेवा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास नसेल, तर पुढच्या सगळ्या मोजमापांवर शंका राहते.

काम इंजिन गार असताना सुरू करा. काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून पात्यांजवळ हात घालण्याआधी कनेक्टर काढा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. कूलंट कमी असेल तर तो गार असतानाच भरून घ्या.

फ्यूज बॉक्समध्ये नुसते फ्यूज पाहून चालत नाही. रिले उपटून खालच्या खाचा पाहा: प्लास्टिक तपकिरी पडलंय किंवा वितळलंय का? तसं असेल तर बेअरिंग घासलेली मोटर जास्त करंट ओढत असावी, किंवा खाचेतली पकड सैल झाली असावी. नवा रिले तिथे बसवला तर तोही भाजणार. रिलेची ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० आणि ८७ ही मोटरच्या करंटची. कोड पहिल्या जोडीकडे बोट दाखवतो, पण जळण्याच्या खुणा दुसऱ्या जोडीवर सापडतात.

दुरुस्तीनंतरही वेळ राखून ठेवा. इंजिन पंखा लागेपर्यंत गरम होऊ द्या, मग एसी लावून पाहा, कारण बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंख्यालाही हुकूम जातो. शेवटी पेंडिंग कोड पुन्हा वाचा. तिथे तोच आकडा असेल, तर रिलेपासून ईसीएमपर्यंतची कॉइलची वायर हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत-हलवत तपासायची राहिली आहे.