कारवी आणि फॅस्कोगेल: तुलना लिहायची कशी

अकरावीच्या वर्गाला तुलनेचा प्रकल्प दिला की पहिला तक्ता ठरलेला: एक हिरवं, दुसरं तपकिरी, एक उभं, दुसरं पळणारं. असा तक्ता मी परत करते. एवढ्यासाठी सिंहगड चढायला नको.

आधी मुद्दा ठरवा, मग जोडी शोधा. माझा मुद्दा: आयुष्यात पुनरुत्पादन किती वेळा?

एका बाजूला आपली कारवी, सिंहगडाच्या उतारावरचं झुडूप. दुसऱ्या बाजूला सगळ्यांना कोआलाच हवा असतो, पण कोआलाची मादी वर्षानुवर्षं पिल्लं देते. इथे तिचा उपयोग नाही. ऑस्ट्रेलियातलाच झाडावर राहणारा फॅस्कोगेल घ्या. आकाराने उंदराच्या जवळपास, शेपटीला बाटली घासायच्या ब्रशसारखे काळे केस, मागचे पाय वळवून खोडावरून डोकं खाली करून उतरतो. मार्सुपियल (कांगारूच्या गटातला प्राणी) आहे म्हणून ‘पोटाला पिशवी’ असं ठोकून देऊ नका. मादीला कायमची पिशवी नसते, विणीच्या काळात कातडीच्या घड्या तयार होतात.

आता रकाने भरा. कारवी साधारण सात वर्षं नुसती वाढते, मग अख्खा उतार एकदम जांभळा होतो, आणि बी धरून ती झुडपं मरतात. फॅस्कोगेलचे नर वयाचं वर्ष पुरं व्हायच्या आत, एकाच विणीनंतर मरतात.

‘दोघेही एकदाच’ एवढ्यावर थांबलात तर अर्धेच गुण. मरतात कशाने, ते लिहा. कारवी साठवलेलं सगळं बियांत ओतते. एवढं बी एकदम आलं की खाणाऱ्यांना ते संपत नाही, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. नराचं वेगळंच: विणीच्या धावपळीत ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढत जातं, प्रतिकारशक्ती ढासळते आणि आजार त्याला संपवतात.

शेवटची रांग ‘कुठे जुळत नाही’ची. फॅस्कोगेलची मादी त्यानंतरही जगते, पुढची वीणही देऊ शकते. कारवीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे ‘नर मेला, मादी उरली’ हा प्रश्नच तिथे उठत नाही. ही रांग मी आधी वाचते.

यंदा फुलोरा नसला तरी उतारावर जाऊन या. खरखरीत पानं हाताला लावून बघा, पेरांचे फोटो घ्या. फांद्या मात्र तोडू नका.