पुण्यातून बटू दीर्घिका कशी धुंडाळावी

कोथरूडच्या गच्चीवरून बटू दीर्घिका, म्हणजे मोजक्या ताऱ्यांची छोटी, मंद दीर्घिका दिसेल, ही आशा सोडा. दुर्बीण सिंहगडाच्या पायथ्याशी नेलीत तरी देवयानीच्या शेजारच्या एम३२ आणि एम११० एवढंच पदरात पडेल. आपल्या आकाशगंगेभोवतीच्या फिकट बटू बघायच्या तर लॅपटॉप उघडा. पावसाळ्यात तसंही दुसरं काय करणार?

सुरुवात कालेय तारकासमूहातल्या ड्रॅको दीर्घिकेपासून करा. ताऱ्यांची स्थानं आणि गती मोजणाऱ्या युरोपच्या गाया यानाचा २०२२चा डेटा फुकट मिळतो. विषुवांश २६०.०५ अंश, क्रांती ५७.९२ अंश (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा), भोवती अर्ध्या अंशाचं वर्तुळ, एवढं मागा. पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं किंचित सरकणं) त्याच्या त्रुटीच्या तिपटीहून मोठा असेल, तर तो तारा जवळचा, काढून टाका. उरलेल्यांची निजगती, म्हणजे आकाशात दरवर्षी सरकण्याचा वेग, विषुवांश आणि क्रांती अशा दोन दिशांत आलेखावर मांडा. मी आधी १९ प्रतीपेक्षा तेजस्वी तारेच घेतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). त्याहून मंद घेतले की त्रुटी वाढून सगळं फिसकटतं. आकाशगंगेतले तारे चहूकडे विखुरतात, पण शून्याजवळ, वर्षाला ०.०४ आणि उणे ०.१९ मिलिआर्कसेकंदांपाशी (मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग), घट्ट पुंजका दिसेल. तीच ड्रॅको, सुमारे अडीच लाख प्रकाशवर्षांवरची.

लगेच हुरळू नका. याच ताऱ्यांचा रंग आणि प्रत मांडा. तांबड्या राक्षसी (म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांची तिरकी रांग उमटली, तरच पुंजका खरा.

इतक्या मंद ताऱ्यांचे दृष्टिरेषेतले, म्हणजे आपल्याकडे येण्याचे किंवा दूर जाण्याचे वेग मोठ्या दुर्बिणींच्या वर्णपटांवरून काढतात. ड्रॅकोत या वेगांचा सरासरीभोवतीचा पसारा सेकंदाला सुमारे ९ किलोमीटर आहे. नुसत्या ताऱ्यांच्या वस्तुमानाला तो आवरणार नाही, म्हणून तर न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या कृष्णद्रव्याची एवढी चर्चा. या वेगांचे प्रसिद्ध झालेले तक्ते उतरवून आपल्या पुंजक्याशी ताडून बघा.