घर बघायला आलेल्यांना पाहुणा करू नका

आमचं कोथरूडचं घर विकायला काढलं ते यांच्या गुडघ्यांमुळे. १९९१ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. २०२४ च्या दसऱ्यानंतर जाहिरात टाकली आणि जानेवारीत साठेखत, म्हणजे विक्रीआधीचा करार, झालं. मधल्या तीन महिन्यांत २३ कुटुंबांनी घर पाहिलं आणि त्या सगळ्यांना ते मीच दाखवलं. त्यातल्या पहिल्या सात-आठ जणांना चुकीच्या पद्धतीनं दाखवलं, म्हणून हे लिहिते आहे.

चूक अशी होती. दार उघडलं की मी म्हणायची, "या, बसा." पाणी, मग चहा, सोबत चिवडा. मंडळी सोफ्यावर टेकायची. गाव कुठलं, मुलं कितवीत, अशा गप्पा व्हायच्या. मग उठून ती दोन्ही खोल्यांत दारातूनच डोकवायची, "छान ठेवलंय हो घर" म्हणायची आणि जायची. फोन काही यायचा नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस दुसऱ्याचं कपाट उघडत नाही, नळ सोडून बघत नाही, भिंतीला हात लावत नाही. आपण एकदा त्याला चहा पाजला की तोही आपली मर्यादा सांभाळतो. आयुष्यभराची कमाई घालून घर घ्यायचं आणि ते मर्यादा सांभाळून बघायचं, हे कसं जमणार? म्हणून नंतर मी चहा बंद केला. पाणी मात्र द्यायचंच. चहा दुसऱ्या खेपेला, तोही सगळं बघून झाल्यावर.

सुरुवात फोनवरच करा. आमच्याकडे जिन्याच्या ५४ पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या आणि प्रत्येकाला आधीच सांगू लागले: तिसरा मजला, ५४ पायऱ्या, दार दक्षिणेकडे, मुलं किंवा आई-वडील सोबत राहणार असतील तर त्यांनाही घेऊन या. यामुळे निम्मे लोक फोनवरच गळाले आणि ते बरंच झालं. दक्षिणेचं दार ज्यांना नको, त्यांना ते नकोच असतं. फोनवर होकायंत्र उघडून उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाशी वास्तुशास्त्रावर वाद घालण्यात अर्थ नाही. दिशा विचारली तर खरी सांगा आणि गप्प राहा.

जाहिरात कधी टाकायची, याचाही विचार करा. पितृपक्षात कोणी घर बघायला बाहेर पडत नाही. दसरा झाला की फोन सुरू होतात, दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा थंडावतात.

भेटीची वेळ मी सकाळी नऊ ते अकरा द्यायची. आमच्या हॉलची खिडकी पूर्वेला आहे, त्या वेळी ऊन थेट देवघरापर्यंत येतं. पण ज्यांना घर आवडलं असं वाटलं, त्यांना मी आपणहून संध्याकाळी सातनंतर परत बोलावलं. त्या वेळी खाली गाड्या लागलेल्या असतात, समोरच्या क्लासमधली मुलं सुटलेली असतात, वरच्या मजल्यावरचा तबल्याचा रियाज सुरू असतो. राहायला आल्यावर हे सगळं कळणारच आहे. ते घर घेण्याआधी कळलेलं बरं.

आवराआवरीबद्दल थोडक्यात. पडदे धुवा, जळालेले दिवे बदला, ओटा रिकामा करा, माळ्यावरचं सामान कमी करा. हॉलमधलं जास्तीचं कपाट मी लेकाकडे पाठवून दिलं, तेवढ्यानं खोली मोकळी दिसायला लागली. अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा मात्र नको. वास आला की लोकांना वाटतं काहीतरी झाकलंय. त्या सकाळी मासे, लसणाची फोडणी एवढं टाळा आणि खिडक्या तासभर उघड्या ठेवा, बास.

झाकण्यावरून आमच्या बाबतीत घडलेलं सांगते. आतल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. पुण्यात पावसाचा मारा त्याच बाजूनं असतो आणि बाहेरच्या गिलाव्याला चिरा होत्या. सोसायटीनं मे २०२३ मध्ये बाहेरून दुरुस्ती केली, ओल बरीच कमी झाली, पण जुलैत ताटाएवढा डाग पुन्हा येतोच. जाहिरात टाकण्याआधी मी तिथले पोपडे खरवडून रंग मारून घेतला होता. चौथ्या की पाचव्या भेटीत एक तरुण जोडपं आलं, सोबत मुलीचे वडील. ते बोलत नव्हते. आतल्या खोलीत गेले, भिंतीवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग हात खाली सरकवून पुन्हा टेकवला. मग मला विचारलं, "ताई, इथे ओल येते का?" मी म्हटलं, "नाही हो, आताच रंग दिलाय." त्यांनी मान डोलावली, लेकीकडे पाहिलं आणि तिघं निघून गेले. त्या मुलीला घर मनापासून आवडलं होतं, स्वयंपाकघरात ती दोनदा जाऊन आली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही. घर गेलं नाही यापेक्षा, त्या वडीलधाऱ्या माणसाला मी तोंडावर खोटं सांगितलं, हे लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एक पान लिहून काढलं आणि ते हॉलमधल्या टेबलावर ठेवलं. त्यात घराचं जे जे दुखणं आहे ते सगळं: पश्चिमेची ओल, न्हाणीघरातली एक निखळलेली फरशी, गीझर जुना झालाय, मागच्या बाल्कनीचं दार पावसात फुगतं. पुढे काय दुरुस्ती केली, कधी केली, किती खर्च आला. वायरिंग २०१६ मध्ये बदललं त्याचं बिल. आणि जुलैत ओल जिथवर येते तिथे भिंतीवर पेन्सिलनं गोल काढून ठेवला. ज्यांना तो गोल दाखवला, त्यांच्यापैकी एकानंही त्यापायी घर नाकारलं नाही. उलट लोक मोकळे झाले. तुम्हीच दोष दाखवला की ते बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतात आणि किमतीची बोलणीही सरळ होतात.

घर दाखवण्याचा माझा क्रम नंतर ठरून गेला. जिने चढून आलेल्या माणसाला आधी दाराशीच खुर्ची आणि पाणी. दम खाईपर्यंत घराबद्दल एक शब्द नाही. मग थेट स्वयंपाकघर. हॉल लोक जाता-येता बघतातच. स्वयंपाकघरात मी सिंकचा नळ सोडायची आणि सांगायची, "आता बाथरूममधला शॉवर तुम्ही सोडा." दोन्हीकडे एकदम पाणी चालू ठेवलं की दाब किती आहे ते कळतं. महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, टाकी कोण भरतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे विचारण्याआधीच सांगायची. मग कपाटं, माळा, खिडक्यांच्या कड्या, मुख्य स्विचचा बोर्ड. "उघडून बघा" हे दोन शब्द मी प्रत्येक ठिकाणी म्हणायची. लोक संकोचतात, तुम्ही म्हटल्याशिवाय हात लावत नाहीत.

शेवटी बाल्कनी. तिथे त्यांना सोडून मी आत यायची. नवरा-बायकोला आपसांत बोलायला पाच मिनिटं लागतात आणि ती मालकासमोर मिळत नाहीत. त्यांच्यामागे खोलीखोलीतून फिरू नका. घर दाखवणारं माणूसही एकच असावं. यांना इमारतीचा सगळा इतिहास पाठ आहे आणि तो सांगायला आवडतोही, पण दोघं बोलायला लागलो की समोरच्याला काही बघताच येईना. मग ते खाली बाकावर बसायला लागले आणि पार्किंग दाखवायचं काम त्यांनी घेतलं.

एकदा एक उंच बाई आली, पस्तिशीची असेल. ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. पोळपाट पुढे आहे असं समजून दोन्ही हात टेकवले आणि लाटल्यासारखे पुढे-मागे फिरवले, चार-पाच वेळा. मग एक हात कमरेवर ठेवला. आमचा ओटा ३० इंचांचा आहे. सासूबाई ठेंगण्या होत्या, त्यांच्या मापानं केलेला. तिनं विचारलं, "काकू, हा वाढवता येईल का?" मी सांगितलं, येईल, पण ग्रॅनाइट काढून खालच्या कडप्प्याला आधार द्यावा लागेल आणि सिंकचा पाइपही बदलावा लागेल, आठवडाभर स्वयंपाकघर बंद राहील. तिनं ते वहीत लिहून घेतलं. ती पाहुणी म्हणून सोफ्यावर बसून राहिली असती तर हे तिला कधी कळलंच नसतं.

आता कागद. पहिल्या भेटीत कागद फक्त दाखवा, हातात प्रती देऊ नका. एका फाइलमध्ये करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, वीजबिल, मेंटेनन्सची शेवटची पावती. कर्ज असेल तर बँकेचा बोजा किती आहे ते सांगा. क्षेत्रफळाचा घोळ हमखास होतो. आमच्या करारनाम्यात ६४० चौरस फूट बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलंय. लेकानं आणि मी टेप घेऊन आतून मोजलं तर बाल्कनी सोडून ५१५ भरलं आणि बाल्कनी ४०. हे तिन्ही आकडे मी पानावर लिहिले. हल्ली घेणारे रेराच्या (घरबांधणीवर नियमन करणाऱ्या कायद्याच्या) हिशेबानं कार्पेट, म्हणजे आतलं वापराचं क्षेत्रफळच विचारतात, त्यांना जुना बिल्टअप आकडा सांगून काही उपयोग नाही.

पार्किंगबद्दल जपून बोला. "खालची जागा आमचीच" असं म्हणायची सवय असते. पण स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. सोसायटीनं तुम्हाला जागा दिली असेल तर ते पत्र दाखवा आणि पुढचं सेक्रेटरींना विचारायला सांगा. रिडेव्हलपमेंटचंही तसंच. कोथरूडमध्ये जुन्या इमारतीत पाऊल ठेवलं की हा प्रश्न येतोच. आमच्याकडे सभेत नुसती चर्चा झाली होती, ठराव नव्हता, तेवढंच मी सांगितलं. "दोन वर्षांत नवीन मोठा फ्लॅट मिळेल" असं सांगून घर विकू नका.

लोक उभ्या उभ्या भाव विचारतात. मी खोलीत आकड्यावर घासाघीस करायला कधी तयार झाले नाही. "तुमचा विचार घरी बसून ठरवा, मग फोन करा" एवढंच म्हणायची. त्यांना वरचा खर्चही धरायचा असतो: पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६, शिवाय नोंदणीचे ३० हजार. कोणी टोकन, म्हणजे सुरुवातीची आगाऊ रक्कम, रोख देऊ केलं तर घेऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, चेक किंवा बँकेतूनच घ्या.

सुरक्षिततेचं लक्षात ठेवा. दागिने लॉकरमध्ये, चेकबुक आणि औषधं कुलपात. येणाऱ्याचं नाव आणि नंबर वॉचमनच्या वहीत लिहायला लावा आणि घरात एकटं असाल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मला एक फोन आला होता, "मी सैन्यात आहे, घर न बघताच घेतो, टोकन पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे मिळायला कधीच स्कॅन करावं लागत नाही, स्कॅन केलं की आपलेच जातात. मी फोन ठेवला. न बघता घर घेणारा माणूस खरा असूच शकत नाही, असं माझं मत आहे.

शेजाऱ्यांना आधी कळवायला विसरू नका. आम्ही आधी सांगितलं नव्हतं, तर समोरच्या वहिनींना वाईट वाटलं. नंतर मी घर बघणाऱ्यांना स्वतःच म्हणायची, "समोर विचारा, त्या २० वर्षं इथे आहेत." वहिनींनी पाण्याचं, सोसायटीच्या भांडणांचं, गणपतीतल्या दहा दिवसांच्या आवाजाचं सगळं खरंखरं सांगितलं.

ती उंच बाई तीन वेळा आली. दुसऱ्यांदा नवऱ्याला घेऊन संध्याकाळी, तिसऱ्यांदा सासऱ्यांना घेऊन. सासरे ५४ पायऱ्या न थांबता चढले. त्या वेळी मी चहा केला. घर त्यांनीच घेतलं. साठेखतानंतर, आम्ही अजून तिथेच असताना, एका रविवारी ती गवंड्याला घेऊन आली. ओटा ३४ इंचांवर न्यायचा होता. टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी.