क्लॅश रोयालचे सामने भरवताना: सांगलीतल्या मंडळांसाठी तयारीची यादी

क्लॅश रोयाल हा फोनवर दोघांनी खेळायचा गेम: पत्ते टाकून सैन्य उतरवायचं आणि समोरच्याचे तीन टॉवर, मधला किंग आणि दोन बाजूंचे प्रिन्सेस, पाडायचे. गणपतीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत त्याचे सामने घ्यायचं ठरलं की चर्चा लगेच बक्षिसावर जाते. आधी तारीख पक्की करा. जुलै-ऑगस्टचा बेत असेल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर लक्ष ठेवा. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. आकडा चाळिशीकडे सरकायला लागला की कार्यक्रम पुढं ढकला, कारण नदीकाठची निम्मी पोरं सामान वर चढवण्यात गुंतलेली असतात आणि विजेचाही भरवसा नसतो. दुसरी गोष्ट गेमच्याच वेळापत्रकाची. नवा सीझन साधारणपणे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होतो आणि पत्त्यांच्या ताकदीतले बदलही बहुतेक तेव्हाच येतात. त्या आठवड्यात सामने ठेवले तर महिनाभर हात बसलेला डेक (खेळाडूनं निवडलेले ८ पत्ते) अचानक वेगळा वागायला लागतो. तिसरा किंवा चौथा रविवार बरा.

वेळेचा हिशेब आधीच मांडा. एक डाव ३ मिनिटांचा, बरोबरी झाली तर वर २ मिनिटं. तीनपैकी दोन डाव जिंकायचे म्हटलं तर एका लढतीला जास्तीत जास्त १५ मिनिटं लागतात, आणि डेक निवडायला ५ धरली की २०. सोळा खेळाडूंच्या बाद पद्धतीत एकूण १५ लढती होतात. एकावेळी चार जोड्या बसवल्या तर पहिली फेरी दोन टप्प्यांत होते आणि पुढच्या तीन फेऱ्यांना एकेक टप्पा लागतो. असे पाच टप्पे मिळून १ तास ४० मिनिटं. उशिरा येणारे आणि वाद धरून हॉल तीन तासांसाठी घ्या.

नेटवर्कची पाहणी आदल्या रविवारी, त्याच जागेत आणि त्याच वेळेला करा. या गेमला डेटा फारसा लागत नाही, पण तो खंड न पडता मिळावा लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळघरातल्या हॉलमध्ये सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी पत्ता टाकल्यावर सैनिक अर्धा-एक सेकंद उशिरा उतरतो. तेवढ्यात समोरचा हॉग रायडर (थेट टॉवरकडे धावणारा सैनिक) टॉवरवर एक घाव घालून मोकळा होतो. एक वायफाय आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि एका हॉटस्पॉटवर चारपेक्षा जास्त फोन जोडू नका. राउटरला छोटा यूपीएस लावलेला असावा, कारण लाइट दोन मिनिटांसाठी गेली तरी राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत डाव संपलेला असतो. इथं डाव थांबवता येत नाही. खेळाडू बाहेर फेकला गेला तरी घड्याळ चालूच राहतं.

फोनचंही तसंच. गेमचा अपडेट आदल्या रात्री घरच्या नेटवर उतरवून ठेवायचा. हॉलवर आल्यावर दहा फोन एकदम डाउनलोडला लागले की पहिली फेरी गेलीच. सुपरसेल आयडीचा (गेमच्या कंपनीच्या खात्याचा) ईमेल आणि त्यावर येणारा कोड उघडता येतो का, ते घरीच तपासा. खेळताना डू नॉट डिस्टर्ब चालू हवं, कारण फोन वाजला की गेम मागं जातो आणि डाव चालूच राहतो. चार्जिंग निदान ६० टक्के असावं, आणि खेळता खेळता चार्जर लावू नये. फोन तापला की स्क्रीन अडकायला लागते.

आता नियम. ते एका कागदावर लिहून सगळ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर आधी टाका. लढती फ्रेंडली बॅटलमध्येच खेळायच्या, म्हणजे कुणाच्या ट्रॉफी (गेममधले क्रमवारीचे गुण) कमी-जास्त होत नाहीत. त्यासाठी कुणाला त्याचा क्लॅन (गेममधला गट) सोडायला लावू नका. फ्रेंड लिंक पाठवून एकमेकांना जोडून घेतलं की पुरे. पत्त्यांची पातळी टूर्नामेंटची (सगळ्यांना सारखी) ठेवा आणि एक चाचणी डाव लावून दोघांच्या टॉवरचे आकडे सारखे दिसतात का ते बघा. ही तपासणी टाळली की पैसे आणि वर्षं घालून पातळी वाढवलेला खेळाडू डोकं न लावता जिंकतो आणि नवा पोरगा पुढच्या वेळी येत नाही. टॉवरवर सगळ्यांनी साधी टॉवर प्रिन्सेसच (टॉवरवरून मारा करणारी मूळ सैनिक) ठेवावी. कॅननियर किंवा डॅगर डचेस प्रत्येकाकडे नसते, आणि टॉवर बदलला की सगळे हिशेब बदलतात. एव्होल्यूशनचे (नेहमीच्या पत्त्यांच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचे) पत्ते बंद ठेवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच्या जोडीला एक नियम घ्या, त्यानं खेळ खरोखर उंचावतो: एका लढतीच्या तीन डावांत एकदा वापरलेला पत्ता पुन्हा वापरायचा नाही. तीन डावांना २४ वेगळे पत्ते लागतात. एकच डेक पाठ केलेला खेळाडू दुसऱ्या डावात उघडा पडतो. तयारी करताना तीनही डेक समान ताकदीचे बांधायचा प्रयत्न करा. सगळे चांगले पत्ते पहिल्यात कोंबले तर १-० नंतर १-२ व्हायला वेळ लागत नाही. लॉग, झॅप, अ‍ॅरोज हे छोटे स्पेल (सैनिक न उतरवता थेट मारा करणारे पत्ते) तर आधीच तीन डेकांत एकेक वाटून टाका. तिसऱ्या डेकला छोटा स्पेलच उरला नाही, ही हमखास होणारी चूक आहे.

डेकची तपासणी अशी करा. टॉवरपर्यंत पोचणारा एक पत्ता हवा: हॉग रायडर, जायंट, बलून, गॉब्लिन बॅरल यांपैकी काहीही. एक छोटा आणि एक मोठा स्पेल हवा. हवेत मारा करणारे निदान दोन पत्ते हवेत. कॅनन आणि लॉग हवेतल्याला हातही लावत नाहीत, हे बलून समोर आल्यावर आठवून उपयोग नाही. मग पत्त्यांची सरासरी किंमत काढा (किंमत म्हणजे पत्ता टाकायला लागणारं एलिक्झिर, डावात आपोआप भरत जाणारी ताकद), आणि तिथंच न थांबता एक पुढचा हिशेब करा, कारण खरा खेळ त्यात आहे.

२०१६ मध्ये सुपरसेलनं हा गेम आणला तेव्हापासून पाया हाच आहे: डेकमध्ये ८ पत्ते, हातात ४, एलिक्झिर जास्तीत जास्त १०. टाकलेला पत्ता रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरे चार पत्ते टाकल्यावरच हातात परत येतो. पहिली दोन मिनिटं दर २.८ सेकंदांना एक एलिक्झिर मिळतं. आता प्रसिद्ध हॉग सायकल डेक घ्या: हॉग रायडर ४, मस्केटियर ४, फायरबॉल ४, कॅनन ३, लॉग २, आइस गोलेम २, आइस स्पिरिट १, स्केलेटन्स १. बेरीज २१, सरासरी २.६. यातले सगळ्यात स्वस्त चार पत्ते मिळून ६ एलिक्झिर होतात, हॉगचे ४ धरून १०. म्हणजे हा खेळाडू दर २८ सेकंदांनी हॉग पाठवू शकतो, आणि दुप्पट एलिक्झिर सुरू झालं की १४ सेकंदांनी.

याच्यासमोर गोलेमचा डेक ठेवा: गोलेम ८, लाइटनिंग ६, बेबी ड्रॅगन ४, नाइट विच ४, लंबरजॅक ४, मेगा मिनियन ३, टॉर्नेडो ३, बार्बेरियन बॅरल २. सरासरी ४.२५. स्वस्त चार पत्त्यांचे १२ आणि गोलेमचे ८ मिळून २०, म्हणजे दोन गोलेममध्ये ५६ सेकंदांचं अंतर. सायकलवाल्याला घाई परवडते, गोलेमवाल्याला नाही. हे दोन आकडे स्वतःच्या तीनही डेकांसाठी काढून कागदावर लिहा. सरासरी ३.१ आणि ३.४ यांतला फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सेकंदांत मांडला की तो लगेच कळतो.

सरावात समोरच्याचं एलिक्झिर मोजायची सवय लावा. सुरुवातीला दोघांकडे ५ असतात. १४ सेकंदांत १० भरतात आणि त्यानंतरचं प्रत्येक वाया जातं. म्हणून पहिला पत्ता १४ सेकंदांच्या आत टाकायचा, पण तो स्वस्त आणि किंग टॉवरच्या मागं. चांगला पत्ता मैदानाच्या मधल्या नदीवरच्या पुलावर टाकून डाव उघडू नका. मग प्रत्येक देवाणघेवाणीचा फरक मनात धरत जा. मिनियन हॉर्ड ५ ची, अ‍ॅरोज ३ चे: तुम्ही २ नं पुढं. गॉब्लिन बॅरल ३, लॉग २: १ नं पुढं. हॉग ४, कॅनन ३: पुन्हा १. दोनचा फरक म्हणजे ५.६ सेकंदांची मोकळीक, आणि अशा दोन-तीन मोकळिका साठल्या की एक हल्ला असा जातो ज्याला अडवायला समोर काही नसतं. सांगलीच्या तालमीत वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको: समोरच्याचा दम जाऊ द्यायचा आणि मग पकड घ्यायची.

गोलेमवाल्यानं मागच्या बाजूला गोलेम ठेवला त्या क्षणी त्याच्याकडे जास्तीत जास्त २ उरलेले असतात. तेव्हा दुसऱ्या लेनमध्ये (मैदानात डावी-उजवी अशा दोन वाटा असतात) हॉग आणि आइस स्पिरिट, एकूण ५, ताबडतोब पाठवा. त्याला एकतर टॉवर सोडावा लागतो किंवा गोलेममागं उभं करायचं सैन्य बचावात खर्च करावं लागतं. गोलेमच्याच लेनमध्ये समोरून भिडायला जाऊ नका. पेक्का हा ७ चा तगडा सैनिक समोर असेल तर त्याच्या लेनमध्ये हॉग पाठवणं म्हणजे ४ एलिक्झिर नदीत सोडणं.

बचावात जागा महत्त्वाची, आणि ती बोटाला सवयीनंच कळते. मैदान १८ घरं रुंद आणि ३२ घरं लांब आहे. कॅनन किंवा टेस्ला नदीपासून ४ घरं मागं आणि आपल्या प्रिन्सेस टॉवरपासून ३ घरं मध्याकडे ठेवली की दोन्ही लेनमधला हॉग तिकडं वळतो आणि दोन्ही टॉवर त्याच्यावर मारा करतात. एक घर जरी बाजूला गेली तरी पलीकडच्या लेनचा हॉग सरळ टॉवरवर जातो. मित्राला समोर बसवून त्याला नुसते हॉग टाकायला सांगा आणि ही एकच जागा घोटून घ्या. पेक्का आला तर २ चा आइस गोलेम आपल्या बाजूला मधोमध टाका. पेक्का त्याच्यामागं वळतो आणि दोन्ही टॉवरच्या टप्प्यात येतो. इन्फर्नो टॉवर (हाही एक पत्ता) समोर असेल तर झॅप हातात राखून ठेवा, त्याचा तापलेला झोत पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

किंग टॉवर डावाच्या सुरुवातीला झोपलेला असतो. त्याला मार बसला किंवा प्रिन्सेस टॉवर पडला तरच तो जागा होतो. टॉर्नेडोनं हॉगला ओढून किंग टॉवरवर एक घाव घालू दिला की त्याची तोफ उरलेला सगळा डाव तुमच्यासाठी चालते. हे जमायला टॉर्नेडो नेमका कुठं टाकायचा याचा सराव हवा; घाईत टाकला तर हॉग प्रिन्सेस टॉवरलाच चिकटून राहतो आणि ३ एलिक्झिर जातात. उलट तुमचा रॉकेट किंवा फायरबॉल चुकून समोरच्या किंग टॉवरला लागला, तर हीच भेट तुम्ही त्याला दिलीत.

शेवटच्या मिनिटाची तयारी वेगळी करावी लागते. पहिल्या दोन मिनिटांत साधारण ४३ एलिक्झिर मिळतात आणि शेवटच्या एका मिनिटातही तेवढेच. म्हणून महागड्या डेकनं दोन मिनिटं फक्त टिकून राहायचं, आणि स्वस्त डेकनं त्याच दोन मिनिटांत टॉवर पोखरून ठेवायचा. क्राउन (पाडलेल्या टॉवरचे गुण) सारखे राहिले तर जादा वेळेत जो पहिला टॉवर पाडेल तो जिंकला. पहिलं मिनिट दुप्पट एलिक्झिरचं, दुसरं तिप्पटचं. तेही संपलं तर सगळ्या टॉवरची ताकद एकसारखी उतरायला लागते आणि ज्याचा सगळ्यात कमजोर टॉवर आधी पडतो तो हरतो. इथं एकूण बेरीज धरत नाहीत, सगळ्यात कमजोर टॉवर पाहतात. शेवटच्या २० सेकंदांत दोन्हीकडचे आकडे वाचा आणि फायरबॉल, रॉकेट समोरच्या कमजोर टॉवरवरच टाका. स्पेल टॉवरवर पूर्ण नुकसान करत नाही, हे धरूनच किती लागतील ते मोजा.

पैशाबद्दल एकदाच आणि ठामपणे: पैज नको, आणि प्रवेश फी गोळा करून ती विजेत्याला वाटणंही नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ढाल, टी-शर्ट, पुस्तकं द्या. गेमच्या अटींनुसार खेळाडू किमान १३ वर्षांचा हवा, आणि शाळकरी पोरांच्या घरी आधी सांगून ठेवा.

प्रत्यक्ष दिवशी भडंग आणि चहा फेरी संपल्यावरच वाटा. तेलकट बोटानं पत्ता ओढताना मध्येच सुटतो आणि भलत्याच घरात पडतो. एक कोरडा फडका प्रत्येक टेबलावर असू द्या. पंच दोघांच्या मागं उभा राहू नये, बाजूला बसावा, आणि प्रेक्षकांनी समोरच्याच्या हातातले पत्ते ओरडून सांगितले तर पहिल्यांदा समज द्यावी, दुसऱ्यांदा बाहेर काढावं. निकाल लगेच कागदावर लिहा, वापरलेले ८ पत्तेही लिहा. पुन्हा वापरलेल्या पत्त्याचा वाद तेवढ्यानंच मिटतो. शंका आली तर बॅटल लॉग उघडून रिप्ले बघा. नेट तुटल्याची तक्रार असेल तर दोनच गोष्टी विचारा: डावाचं पहिलं मिनिट चालू होतं का, आणि तोवर एखादा टॉवर पडला होता का. पहिल्याच मिनिटात तुटलं आणि टॉवर पडलेला नसेल तर त्याच डेकनं डाव पुन्हा खेळवा. नाहीतर निकाल कायम.