अमेरिकेला टॉवेल पाठवताय? मग कापसाची कागदं आधी जुळवा

सोलापूर-इचलकरंजीकडचे बरेच जण विचारतात की आपला कापूस तर विदर्भ-खान्देशातला, मग बायर चीनमधल्या शिनजियांग प्रांताचं का विचारतोय. तर अमेरिकेत उइगर (शिनजियांगमधला मुस्लिम समाज) सक्तमजुरीविरोधी कायदा २१ जून २०२२ पासून लागू आहे, शिनजियांगचा थोडासा जरी भाग मालात असला तर तो सक्तमजुरीचाच असं धरून अडवतात आणि तसं नाहीये हे दाखवायचं काम इम्पोर्टरचं, म्हणजे शेवटी ते आपल्याच गळ्यात येतं. अमुक टक्क्यांपर्यंत चालेल अशी सूट पण नाही. जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस तिथलाच, तो सूत-कापड होऊन दुसऱ्या देशांतून पण फिरत येतो, म्हणून सगळ्यांनाच विचारतात.

अमेरिकी कस्टम्सने जून २०२२ मध्येच इम्पोर्टरसाठी गाइडन्स काढलाय, फुकट मिळतो. त्यातला कापसाचा भाग तरी वाचाच.

मग उलटं चालत जा, टॉवेल, डाईंग, विणकाम, सूत, गाठी, जिनिंग. प्रत्येक टप्प्याची ऑर्डर, इनव्हॉइस, पैसे दिल्याचा पुरावा आणि प्रॉडक्शनचं रेकॉर्ड एका फाइलीत. जॉबवर्कला दिलेल्या मालाची चलनं हमखास हरवतात, ती आजपासूनच स्कॅन करून ठेवा.

खरी गोची स्पिनिंग मिलमध्ये होते. मिल दहा जिनिंगवाल्यांकडून गाठी घेते आणि सगळं एकत्र मिसळते, मग तुमच्या सुतात कुठला कापूस गेला हे कोण सांगणार? म्हणून ऑर्डर देतानाच सांगा की इनव्हॉइसवर सुताचा लॉट नंबर हवा आणि त्या लॉटला कुठल्या गाठी लावल्या त्याची यादी पण हवी. नंतर मागितलं तर 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं. वजनं पण जुळवा, वेस्टेज धरून, शंभर किलो कापसातून शंभर किलो सूत दाखवलंत तर कोणीही हसेल.

शिलाईचा दोरा, लेबल, बॉर्डरचं फॅन्सी सूत बाहेरून येत असेल तर त्याचीही कागदं लागतात, हे विसरूच नका.

सप्लायरचं नाव अमेरिकेच्या बंदी यादीत आहे का ते बघा, यादी वाढत असते त्यामुळे दर शिपमेंटला बघा. ऑडिटच्या एका सर्टिफिकेटवर भागेल असं समजू नका.

माल अडकलाच तर इम्पोर्टरकडे साधारण ३० दिवस असतात, तेव्हा मिलच्या मागे लागण्यात अर्थ नाही, फाइल तयारच हवी. युरोपचा असाच नियम १४ डिसेंबर २०२७ पासून येतोय, तिकडे माल जात असेल तर तीच फाइल थोडी वाढवून चालेल.